न पाझरणारा घट

पितृपाठ लागला की आमच्या बेलापुरात दोन वास एकदम सुटतात. एक सोयाबीनच्या भुसाचा. मळणी यंत्रातून उडतो, गावभर पसरतो आणि नाकात खाज आणतो. दुसरा माझ्या परसातल्या भिजत घातलेल्या मातीचा. पहिला सगळ्या गावाला येतो. दुसरा फक्त मलाच येतो, असं आमच्या सुमनचं म्हणणं. "दुसऱ्या कुनाला तुमच्या चिखलाचा वास येत न्हाई, अन् आला तरी त्याला कुनी सुवास म्हननार न्हाई," असं तिनं एकदा सांगून टाकलंय. चाळीस वर्षं संसार झाल्यावर बायकोच्या निकालावर अपील नसतं.

यंदा पितृपाठाच्या पहिल्याच सकाळी छपराखाली बसून मी माती चाळत होतो. या दिवसांतलं ऊन मोठं चावट. उन्हात बसलं की पाठ भाजते, सावलीत सरकलं की अंगावर काटा येतो. म्हणून मी अर्धा उन्हात, अर्धा सावलीत बसतो आणि दर दहा मिनिटांनी पाट सरकवतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या सुनेचा, वैष्णवीचा आवाज आला.

"नाना, औंदा आमचा घट तुम्हीच करणार ना?"

"करतो की."

"पाझरेल का पण?" ती म्हणाली आणि जे हसत सुटली ते पार विहिरीपर्यंत ऐकू गेलं. चाळणी धरलेला माझा हात थांबला. मलाही हसू आलं, आणि थोडं कसंनुसंही झालं. गेल्या वर्षीचा अख्खा आश्विन त्या एका प्रश्नाबरोबर भिंत ओलांडून आत आला होता.

आधी सांगून टाकतो, मी कुंभार नव्हे. मी साखर कारखान्यातला टर्नर. तेहतीस वर्षं लेथवर लोखंड सोललं. केसाच्या दहाव्या भागाइतकी चूक मला बोटानं कळायची, हे मी सांगत नाही, कारखान्यातले लोक सांगायचे. (मी फक्त आठवण करून द्यायचो.) माझा जन्म गळती थांबवण्यात गेला. पंप गळतोय, बोलवा नानाला. वाफेचा सांधा फुसफुसतोय, बोलवा नानाला. "गळतंय" हा शब्द कानावर पडला की मी जेवणावरून उठायचो. सुमनला अजून ते खटकतं, कारण ती भाकरी वाढत असायची.

मग निवृत्त झालो. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात मी घरातले सगळे नळ, कड्या, बिजागऱ्या दुरुस्त केल्या. तिसऱ्या महिन्यात न बिघडलेल्या गोष्टी दुरुस्त करायला लागलो, तेव्हा सुमननं मला माठ आणायला म्हणून कुंभारवाड्यात पिटाळलं. तिथं गिरजामावशी चाकावर बसली होती. वय पंचाहत्तरच्या पुढं, तोंडात दात चार, हात मात्र विशीतल्या बाईचे. तिचं चाक फिरताना खडखड आवाज करत होतं. मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी घरून बेअरिंग नेऊन बसवून दिलं. चाक लोण्यावर फिरल्यासारखं फिरायला लागलं. मावशी माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं मातीचा एक गोळा माझ्या हातावर ठेवला. "बस मेस्तरी. एवढं चांगलं चाक केलंय, मंग फिरवून बग." बसलो तो आजतागायत उठलो नाही.

स्वतःचं चाक मी स्वतः केलं. कडबाकुट्टीचं जुनं चाक आणि पिठाच्या गिरणीची मोटार, दोन्ही भंगारातून. जोडणी अशी फक्कड झाली की मी गल्लीतल्या चार लोकांना बघायला बोलावलं. मधोमध गोळा थापला, बटण दाबलं. मोटारीचा वेग कमी करायचा असतो हे मला माहीत होतं, पण आधी एकदा पूर्ण वेगात बघू म्हटलं. गोळा जागेवरून सुटला तो तुळशीच्या कट्ट्याला घासून थेट दोरीवरच्या धुण्यावर. सुमनचं नवं लुगडं, माझे दोन सदरे आणि मागची भिंत. लुगडं धुऊन निघालं. भिंतीवरचा ठप्पा मी मुद्दाम राखलाय. पाव्हणे आले की सुमन चहाच्या आधी तो दाखवते.

गेल्या आश्विनात माझी नुसती धांदल होती. सकाळी उजाडताच प्रवरेच्या काठावरून आणलेली माती फोडायची, भिजवायची, तुडवायची. दुपारी चाकावर. संध्याकाळी वाळत घातलेलं आत घ्यायचं, कारण परतीचा पाऊस सांगून येत नाही. एकदा आलाच. पणत्यांच्या नऊ ओळी आणि चार ताटल्या बाहेर होत्या. हाताला लागली ती सुमनची गोधडी, तीच टाकली वर. पणत्या वाचल्या. गोधडीवर नंतर दोन दिवस चर्चा झाली.

आणखी काय काय घडलं. सोजीची चाळणी घरातून नाहीशी झाली आणि मातीच्या ढिगात सापडली. मोरीचा पाईप तुंबला, मी आत तार घातली, तार अडकली, मग पाईपच बदलला. शेजारची मांजर ओल्या ताटलीवरून डौलात चालत गेली. मी चिडून ती ताटली तशीच भाजली. माझ्या सगळ्या कामांत लोकांना आवडली ती तेवढीच. आमच्या थोरल्या मुलीनं ती पुण्याला नेली, आणि विचारलं, "नाना, अजून चार होतील का अशा?" आता मांजरीला ऑर्डर कशी द्यायची.

तरी ते दिवस सुखाचे होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी तोंडानं सारखी कुरकुर करतो आणि लोकांना वाटतं हा माणूस वैतागलाय. लोखंड तुमचं ऐकतं, पण ते कधी तुमच्याकडं झुकत नाही. माती झुकते. चाकावर गोळा मधोमध बसला की हाताखाली अचानक सगळं शांत होतं, थरथर थांबते, आणि वाटतं, आता काहीही होईल यातून. त्या क्षणासाठी मी शंभर चाळण्या हरवीन. सुमननं हे वाचू नये.

पण एक काटा रुतून बसला होता. उन्हाळ्यात मी पाण्याचे माठ केले होते आणि ते सगळे गळले होते. माठ थोडा पाझरतो, पाझरावाच. माझे मात्र भळाभळा. सुमन खाली परात ठेवायची आणि आलेल्या-गेलेल्याला विचारायची, "माठातलं देऊ का परातीतलं?" जन्मभर गळती बंद करणाऱ्या माणसाच्या घरात गळका माठ. मनाशी म्हटलं, आता असं मडकं करून दाखवतो की थेंब बाहेर पडणार नाही.

पावसाळाभर मी त्याच्या मागं होतो. माती ओढणीतून गाळली, लोण्यागत केली. गिरजामावशी मातीत राख आणि बारीक भुसा मिसळते, मी तो कचरा म्हणून वगळला. सुकत आलेलं भांडं नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं आतून-बाहेरून घासलं, इतकं की त्यात तोंड दिसावं. तेलाच्या पिंपाची भट्टी केली होती, तीत चांगलं कडक भाजलं. आणि शेवटी आतून तांदळाची पेज उकळून मुरवली, म्हणजे राहिलंसाहिलं छिद्रही बुजावं. पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी उचललं. कागद कोरडा ठणठणीत. मी तो कागद घेऊन ओट्यावर आलो आणि जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. लोकांना वाटलं पेपरात काही छापून आलंय.

तो कागद ताराबाईंनीही पाहिला. ताराबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर. बाई कडक, देवाधर्माची, शेती स्वतः बघणारी. त्यांच्या मुलाचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं. सून पुणतांब्याची, वैष्णवी. आल्या महिन्यापासून ही पोर भिंतीवर कोपरं टेकवून माझं काम बघायची. "नाना, हे वाकडं का झालं? नाना, मी एक करून बघू?" गल्लीत माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारणारी ती एकटीच. बाकीचे नुसते सल्ले देतात.

"नाना," ताराबाई म्हणाल्या, "आमच्या सुनंचा पयला घट हाय औंदा. तुमच्या हातचं येक मडकं द्या. गुळगुळीत हाय, देवापुढं शोभून दिसंल."

मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. गेरूनं बारीक नक्षी काढली आणि सगळ्यांत सुबक मडकं नेऊन दिलं. सुमनला म्हटलं, आपल्या घरीही माझाच घट बसवू. ती म्हणाली, "देवापुढं प्रयोग नको. मी गिरजामावशीचाच आनलाय." मला राग आला होता. आज कबूल करतो, त्या बाईला माझ्यापेक्षा अक्कल जास्त आहे.

आमच्याकडं घट बसतो तो असा. पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरतात, तीत गहू, ज्वारी, हरभरा, करडई पेरतात. मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, त्याच्या तोंडावर विड्याची पानं आणि नारळ. घट पाझरतो, माती ओली होते, धान उगवतं. रोज माळ चढवताना पळीनं घटात पाणी घालायचं. नऊ दिवस घट जागचा हलवायचा नाही. बऱ्याच घरांत मातीवर वरून थोडं पाणी शिंपडतात. ताराबाईंच्या घरात ते चालत नाही. घटाच्या पाण्यावर जे येईल तेच खरं. कोणतं धान जोमात आलं ते बघून त्यांच्या घरी रब्बीचं ठरतं, आजेसासऱ्यांपासून. वरून पाणी दिलं म्हणजे देवीच्या तोंडात आपणच शब्द घातले, असं त्या म्हणतात.

घट बसले. पहिल्या माळेला विड्याची पानं, दुसरीला कारळ्याची पिवळी फुलं. तिसऱ्या दिवशी आमच्या देव्हाऱ्यात पांढरे कोंब वर आले. गिरजामावशीचा घट कसा, तर राखाडी, खडबडीत, सदा घाम आल्यासारखा ओला. मी सुमनला म्हटलं, "बघ, असा ओलाकच्च. माझा असता तर देव्हारा कोरडा राहिला असता."  तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. इतका मी हुशार.

चौथ्या दिवशी दुपारी मी भिंतीलगत पणत्या उलटत होतो. पलीकडं ताराबाई आणि त्यांची जाऊ बोलत होत्या.

"येक कोंब न्हाई गं. माती निस्ती फुफाटा झालीय. माझ्या सासूच्या येळंपासनं असं कदी झालं न्हाई."

"पेरलं कुनी?"

"तिनंच की. पयला घट म्हनून तिच्या हातानं पेरला. आता काय बोलायचं. येकेकीचा हातगुन असतो."

मी मान वर केली. वैष्णवी दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं ऐकलं होतं. ती हातातल्या टॉवेलची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन दिवस भिंतीवर कोपरं दिसली नव्हती.

आणि तेव्हाच डोक्यात लख्ख उजेड पडला. मी आत गेलो, तसंच घडवलेलं दुसरं मडकं होतं, ते पाणी भरून कागदावर ठेवलं आणि समोर पाट मांडून बसलो. तासाभरानं उचललं. कागद कोरडा. महिन्यापूर्वी असाच कोरडा कागद मी गावभर मिरवला होता.  मी घट नव्हता दिला, मी हंडा दिला होता.

खरं सांगतो, माझ्या मनात आलं, गप बसावं. कोण म्हणतंय मडक्याचा दोष आहे? एकाच्याही डोक्यात आलेलं नाही. पोरीला चार दिवस बोलतील, विसरतील. पण विसरत नाहीत हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षी सुनेच्या हाताला जे नाव चिकटतं ते पुढं भाकरी करपली तरी निघतं, म्हैस आटली तरी निघतं. ती टॉवेलची घडी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तरीही मी आधी ताराबाईंकडं गेलो नाही, कुंभारवाड्यात गेलो. वाटलं, गिरजामावशी म्हणेल, मडक्यात काही नाही, माती वाईट असेल.

मावशीनं मडकं हातात घेतलं. बोटानं टिचकी मारली. टणकन वाजलं. तिनं नखानं आतून खरवडून बघितलं, वास घेतला.

"पेज मुरवली?"

"व्हय."

"भुसा?"

"न्हाई घातला."

मग ती जी हसायला लागली, चाकच थांबलं. "मेस्तरी, लई गुनाचं केलंय. लोनचं घाल, तेल ठिव. पन घटाला घाम याया पायजे. भुसा जळून जातो न्हवं, त्या जागंतनं पानी वाट काढतं. तू तर समद्या वाटाच बुजवल्या." डोळे पुसून ती म्हणाली, "कुनाच्या घरी दिलास?"

मी सांगितलं. सुनेचंही सांगितलं. हसू थांबलं तिचं.

"मंग हितं काय करतोस?"

दुपारी चारच्या सुमारास मी ताराबाईंच्या दारात उभा राहिलो. सोबत सुमन होती. तिला मी बोलावलं नव्हतं, तीच चपला घालून मागं आली. ताराबाई उंबऱ्यात बसून झेंडूची माळ ओवत होत्या, चार दिवसांच्या उपासानं चेहरा उतरलेला. वैष्णवी आत समईत तेल घालत होती.

"ताराबाई, धान उगवलं न्हाई ते माझ्यामुळं," मी म्हणालो. "मडकं पाझरत न्हाई. मी मुद्दाम तसं केल्तं. पोरीच्या हाताचा काई संबंध न्हाई."

त्यांचा ओवता हात थांबला. "म्हंजी?"

मी सगळं सांगितलं. भुसा, गोटा, पेज, कागद. सांगताना कान तापले होते. कारखान्यात एवढ्या वर्षांत माझ्या हातचा एक तुकडा परत आला नव्हता, आणि इथं मी स्वतः जाऊन माझा माल रद्द करत होतो. सुमननं मधे एकदाच तोंड उघडलं. "आमच्या घरी मावशीचा घट हाय, तिसऱ्या दिशी उगवलंय. येऊन बगा."

ताराबाईंनी माळ बाजूला ठेवली. आत समईजवळ वैष्णवी तेलाचं भांडं हातात धरून तशीच उभी होती.

"मंग आता?" ताराबाई म्हणाल्या. "घट हलवता येत न्हाई. वरनं पानी घालनार न्हाई मी, आदीच सांगते."

 माझी नजर समईकडं गेली. वात तेल पीत होती. आणि एकदम मला कारखान्यातली ऊस पिळायची जुनी गिरणी आठवली. तिच्या प्रत्येक बेअरिंगवर पितळेची एक वाटी असायची, तेलानं भरलेली. वाटीत लोकरीची वात. एक टोक तेलात, दुसरं खाली. वात तेल ओढून घ्यायची आणि थेंब थेंब सोडायची, रात्रंदिवस, कुणी हात न लावता. पहिल्या वर्षी माझं कामच ते होतं, वाती बदलणं.

"वैष्णवी, कापूस हाय का? लांब वाती वळ. वीतभर. पाच."

तिनं तिथंच बसून तळव्यांवर वाती वळल्या. हात थरथरत होते, त्यामुळं एक वात फारच जाड झाली. मी उंबऱ्याबाहेरून सांगत होतो, आत गेलो नाही. पाण्यात भिजव. पळीच्या दांड्यानं विड्याच्या पानांच्या फटीतून एक टोक आत सोड, पाण्यात बुडू दे. दुसरं बाहेर, मातीवर. नारळाला धक्का नको. ताराबाई मान ताठ करून बघत होत्या.

"नाना, ह्ये वरनं शिंपडल्यागतच झालं की."

"घटातलंच पानी हाय," मी म्हणालो. "घटाच्याच काठावरनं जातंय."

त्या पटल्यासारख्या दिसेनात. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. गिरजामावशी, धापा टाकत. कुंभारवाड्यातून एवढ्या लांब ती कधी येत नाही. तिनं खांबाला धरून आत डोकावलं, वाती बघितल्या, माझ्याकडं बघितलं.

"तारे, घटानं पाजरायचं एवढंच हाय," ती म्हणाली. "कुटनं पाजरायचं ह्ये कोन सांगून गेलंय? माजी शंभर मडकी शंभर जाग्यावरनं पाजरत्यात."

गल्लीत घटाबद्दल गिरजामावशीच्या पुढं कुणाचं चालत नाही. मग आम्ही सगळे वाट बघत राहिलो. सुमन, मी, ताराबाई, मावशी, आणि घटासमोर गुडघ्यांवर बसलेली वैष्णवी. जाड वातीच्या टोकाशी पाणी जमलं. फुगलं. थेंब मातीवर पडला आणि फुफाट्यात एक काळा ठिपका उमटला. दुसरा पडला.  वैष्णवीनं तोंडाला पदर लावला, आणि मला तिचे खांदे हलताना दिसले. मी बाहेर बघायला लागलो. म्हाताऱ्या माणसाला असल्या वेळी बाहेर बघण्यासारखं काहीतरी सापडतंच. शेळी होती समोर.

पुढचे तीन दिवस मी भट्टी पेटवली नाही. चाकावर बसलो की गोळा मधोमध येईना. कान भिंतीकडं. सातव्या माळेच्या दिवशी सकाळी भिंतीवर दोन कोपरं आली.

"नाना, या की. बघा की."

दसऱ्यापर्यंत धान चांगलं बोट-दोन बोटं वर आलं. बाकी घरांच्या मानानं आखूडच, पण दाट. जाड वात ज्या बाजूला होती तिथं गहू पेरलेला होता, आणि तिथं तर नुसतं रान माजलेलं. ताराबाईंनी मुलाला बोलावून दाखवलं, "यंदा गव्हाचा कौल हाय." मी तोंड मिटून घेतलं. देवीचा कौल की पोरीच्या थरथरत्या हाताचा, हे मी कोण ठरवणार. त्यांनी गहू वाढवला आणि गहू आला, तोही असा की मळणीनंतर आमच्याकडं पायली आली घरपोच. आता बोला.

दसऱ्याला संध्याकाळी गल्ली सोनं वाटत फिरते. आपट्याची पानं, तेच ते, पण त्या दिवशी भांडणंही मिटतात. वैष्णवी आली, सुमनच्या पाया पडली, माझ्या पडली. मग तिनं हातातला धानाचा तुरा माझ्या टोपीत खोवला. घरातल्या माणसांच्या आधी, हे सुमननं मला नंतर सांगितलं. मी आशीर्वाद म्हणून काहीतरी पुटपुटलो. ते शब्द मला आठवत नाहीत, पण तुरा वाळेपर्यंत मी टोपी काढली नाही, हे आठवतं. झोपताना सुद्धा नाही. सुमन साक्षीला आहे.

यंदा पितृपाठ लागताच मी कुंभारवाड्यात गेलो. म्हटलं मावशी, घट शिकव. मावशी म्हणाली, "शिकवते. पन समद्या गल्लीला वाटत बसू नगंस, माजी गिऱ्हाईकं हायती ती. तारीच्या घरचा तेवढा येक तू कर." मला ते पटलं. एकच करायचा, पण नीट.

तो एक घट मला तीनदा करावा लागला. चांगलं करायची सवय मोडणं किती अवघड असतं म्हणून सांगू. हात आपोआप गोट्याकडं जायचा, घासायला. मावशी काठीनं हातावर मारायची. भुसा घालताना जीव तुटायचा. "खरखरीत राहू दे रे, लगनाला न्यायचाय का त्याला?" पहिला भट्टीत तडकला. दुसरा उतरवताना मांजर पायात आली. तिसरा मावशीच्या आव्यात तिच्या मडक्यांच्या रांगेत भाजला. बाहेर आला तेव्हा तो राखाडी, थोडा वाकडा आणि मुळीच चकचकीत नव्हता. मावशीनं टिचकी मारली. आवाज मऊ आला. मग तिनं बोट चाटून घटाला लावलं. ओलं बोट क्षणात कोरडं झालं.

आज सकाळी त्यात पाणी भरलं आणि वर्तमानपत्रावर ठेवला. सुमन चहा घेऊन आली ती तिथंच बसली.  आधी घटाच्या पोटावर अंधुक ओल आली. मग बारीक घाम. मग कागदावरची अक्षरं एकेक करून काळी पडत गेली, आणि घटाखालून ओला गोल हळूहळू बाहेर सरकला.

"गळतंय," मी म्हणालो.

हा शब्द ऐकून मी तेहतीस वर्षं पाना घेऊन धावलोय. आज माझ्याच तोंडून निघाला आणि मला एवढा आनंद झाला की चहा सांडला. भिंतीवर कोपरं आलीच होती. त्यांच्या मागून ताराबाईंचा आवाज आला, "मंग द्या की इकडं नाना. आमची वैष्णवी पेरनार हाय न्हवं, तिच्याच हातात द्या."

मी घट दोन्ही हातांनी उचलला आणि भिंतीवरून दिला. तिचे तळहात ओले झाले.